दिवसा राम, रात्री कृष्ण

दशावतारी गंजिफेचा डाव दिवसा असेल तर उतारी रामाची, रात्री असेल तर कृष्णाची. तिघे भिडू, प्रत्येकी 40 पानं, 10 अवतारांचे 10 रंग आणि हुकूम नाहीच. वर आणखी मेख: पाच रंगांत राजा-प्रधानाखाली दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का. करकंबच्या पारावर मेंढीकोट खेळत वाढलेल्या मला तर वाचूनच घाम फुटला.

गंजिफेची भारतातली जुनी नोंद बाबराच्या आठवणींत सापडते, 1527 सालची. मोगली खेळात आठ रंग, 96 पानं.

पुण्यातल्या बोर्डगेम संमेलनात मी स्वतःचा पत्त्यांचा खेळ मांडला, तेव्हा शेजारच्या टेबलावर सावंतवाडीचा संच होता. गोल पानांचे फोटो सगळे काढत होते, खेळत कुणी नव्हतं. राम-कृष्णाचा नियम सांगितल्यावर मात्र दोन डिझायनर खुर्च्या ओढून बसले. (असा नियम सुचला असता तर मी महिनाभर मिरवला असता.)

1970 च्या दशकात शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात ही पानं रंगवण्याची कला पुन्हा उभी केली. चित्रकार टिकले, भिडू नाही. आज संच घेणारे अनेक जण तो फ्रेम करून भिंतीवर लावतात. तिथे दश्शी मोठी की एक्का, कोण विचारतो?