प्रकाशाचे मणी

शहादा तालुक्यातलं प्रकाशा म्हणजे दक्षिण काशी. गोमाई जिथं तापीला मिळते, तिथं केदारेश्वराच्या दर्शनाला बारमाही माणसांची ये-जा असते. याच गावच्या पांढरीत १९५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. थरांखाली थर लागत गेले. तळाशी होती ताम्रपाषाण काळातली वस्ती, इसवी सनापूर्वी १७०० च्या आसपासची. तिथं रंगवलेली खापरं निघाली, दगडी पाती निघाली आणि मणी निघाले. काही मणी रंगीत दगडांचे होते, काही शिंपल्याचे.

खापरांवर अभ्यासकांनी भरभरून लिहिलं, आणि कालक्रम लावायला तीच कामी येतात. पण तिथं राहणारी माणसं डोळ्यांपुढं उभी राहतात ती मण्यांमुळे. शेतीभातीत राबणाऱ्या कुणीतरी नटायची हौस जपली होती.

खानदेशाला ही हौस फार जुनी. चाळीसगावजवळ पाटण्याला एस. ए. साळी यांना शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे. तेव्हा इथल्या माळांवर शहामृगं हिंडत होती.

जगाच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या कोरड्या मुलखात, प्वेब्लो लोकांनी शिंपल्याला आणखी एक रूप दिलं. फिरोज्याचे चपटे तुकडे घासून, एकाला एक भिडवून ते शिंपल्यावर झाडाच्या चिकानं बसवत. शिंपले यायचे थेट कॅलिफोर्नियाच्या आखातातून, हातोहात, शेकडो किलोमीटरवरून. तिकडे तुकडे जोडायला चीक, इकडे मणी ओवायला दोरा.

आपल्याकडे बांगड्यांसाठी कापला जाणारा जाड शंख सौराष्ट्राच्या किनाऱ्याचा. द्वारकेजवळच्या नागेश्वरला हडप्पाकाळात शंखकामाचे कारखानेच होते. लाल अकीकासाठी रतनपूरच्या खाणी प्रसिद्ध. अक्कलकुव्याहून पश्चिमेला, राजपिपळ्याच्या डोंगरांपलीकडे त्या आहेत. या दगडाची लाली मुळात उघड नसते. गोटे उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून शेणीच्या मंद आचेवर भाजतात. दगडातलं लोह तापलं की मळकट पिवळा रंग लाल होतो. खंबातचे कारागीर पुढं जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळईच्या टोकाला गोटा टेकवतात आणि शिंगाच्या हातोडीनं वरून टोले देत त्याचे छिलके काढतात. टोला जरा जोरात बसला की दिवसाची मेहनत दुभंगते.

सगळ्यात जिकिरीचं काम भोक पाडण्याचं. एकाच बाजूनं आरपार गेलं तर पलीकडच्या तोंडाला टवका उडतो. म्हणून जुने कारागीर अर्धं भोक एका बाजूनं पाडत, मणी उलटा करत आणि उरलेलं दुसऱ्या बाजूनं. असा मणी उजेडाकडे धरला की आत, बरोबर मध्यावर, बारीकशी पायरी दिसते. दोन्ही भोकं तिथं भेटलेली असतात, केसभर चुकून.