पशुवैद्यकीय सार्वजनिक आरोग्य (पूर्व विदर्भ)

जनावरांकडून माणसाला होणारे आजार, म्हणजेच प्राणिजन्य आजार, रोखणारी आणि दूध, मांस, अंडी हे अन्न निर्धोक राखणारी पशुवैद्यकशास्त्राची शाखा. तपासणी गोठ्यात, दूध संकलन केंद्रावर किंवा कत्तलखान्यात होते. राखायचे असते ते माणसाचे आरोग्य. माणसाच्या ज्ञात संसर्गजन्य आजारांपैकी सुमारे 60 टक्के आजार प्राण्यांशी जोडलेले आहेत.

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील सिहोरा आणि भोवतालची गावे धानाची. बांध्यांत साचलेले पाणी, जवळच चांदपूरचा जलाशय, दावणीला दुभती जनावरे आणि त्यांच्यासाठी रचलेले तणसाचे ढीग, असा हा परिसर. जपानी मेंदूज्वराचा विषाणू पसरवणारे क्युलेक्स डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतात. विषाणूचा मूळ साठा बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांत असतो; डुकराच्या शरीरात तो झपाट्याने वाढतो आणि डासामार्फत माणसापर्यंत पोचतो. गाई-म्हशींना डास चावले तरी त्यांच्या रक्तात विषाणू पुरेसा वाढत नाही, त्यामुळे साखळी तिथेच तुटते. रोवणीच्या दिवसांत अनवाणी चिखलात उभे राहणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचाही धोका असतो. उंदीर आणि गुरांच्या मूत्रातून आलेले जंतू पायाच्या भेगांतून शरीरात शिरतात.

या विषयाच्या अध्यापनाचे विदर्भातील मुख्य केंद्र म्हणजे 1958 मध्ये सुरू झालेले नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय. 2000 पासून कार्यरत असलेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे ते घटक महाविद्यालय आहे. साडेपाच वर्षांच्या पदवीत शेवटचे एक वर्ष आंतरवासितेचे असते. दूध व मांसाची स्वच्छता, कत्तलीपूर्वी आणि कत्तलीनंतर करायची तपासणी, प्राणिजन्य आजार व साथरोगशास्त्र हे या विषयाचे मुख्य भाग. प्राणिजन्य आजारांच्या संशोधनासाठी महाविद्यालयात स्वतंत्र केंद्रही आहे.

गोठ्यातून घरात येणाऱ्या आजारांत ब्रुसेलोसिस ठळक आहे. बाधित गाय बहुधा गाभणपणाच्या शेवटच्या तिमाहीत गाभडते, जार अडकतो. तो जार उघड्या हाताने ओढणाऱ्याला किंवा कच्चे दूध पिणाऱ्याला आठवडेच्या आठवडे चढउताराचा ताप, घाम आणि सांधेदुखी सुरू होते. हिवताप किंवा विषमज्वर समजून भलतेच उपचार होण्याचा संभव असतो. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात 4 ते 8 महिन्यांच्या कालवडी व पारड्यांना आयुष्यात एकदाच लस टोचतात. ही लस जिवंत जंतूंची असल्याने टोचणाऱ्याच्या हाताला सुई लागली, तर त्यालाही आजार होऊ शकतो.

संशयित कळप शोधण्याची एक चाचणी दुधावरच होते. नळीत 1 मिलिलिटर दूध घेऊन त्यात निळ्या रंगाने रंगवलेल्या मृत ब्रुसेला जंतूंचा एक थेंब टाकतात आणि नळी तासभर 37 अंश सेल्सिअसला ठेवतात. दुधात प्रतिपिंडे असतील तर जंतूंचे पुंजके सायीबरोबर वर येतात. वर निळे कडे धरते आणि खालचे दूध पांढरे राहते. चीक किंवा दगडी (कासदाह) झालेल्या जनावराचे दूध फसवा निकाल देऊ शकते, म्हणून पुढे रक्ताची तपासणी करावी लागते.

दूध उकळल्याने जंतू मरतात, विषे मात्र जात नाहीत. बुरशी लागलेल्या पेंडीतले व दाण्यातले अफलाटॉक्सिन जनावराच्या पोटातून एम-1 या रूपात दुधात उतरते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2018 च्या देशव्यापी पाहणीत 6,432 नमुन्यांपैकी 368 नमुन्यांत ते मर्यादेपेक्षा जास्त आढळले, तर 77 नमुन्यांत प्रतिजैविकांचे अंश मर्यादेबाहेर होते. दगडीवर कासेत औषध सोडल्यानंतर ठरलेले दिवस दूध संकलनाला न घालणे हाच त्यावर उपाय. पण तेवढ्या दिवसांचा तोटा पशुपालकालाच सोसावा लागतो.

नागपूर परिसराने अलीकडे अशा आजारांचे दोन धडे पाहिले. 2018 च्या पावसाळ्यात स्क्रब टायफसची साथ आली. उंदरांवर जगणाऱ्या किड्यांच्या पिल्लांचा चावा आणि त्या जागी धरणारी काळी खपली ही त्याची खूण. 2024 च्या डिसेंबरात गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेत बर्ड फ्लूचे निदान झाले. माणूस, प्राणी आणि पर्यावरण यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी नागपुरात 11 डिसेंबर 2022 रोजी झाली होती.

गावपातळीवर मात्र दोन वाटा वेगळ्याच आहेत. गाय गाभडल्याची नोंद पशुवैद्यकीय दवाखान्यात होते, तिच्या मालकाच्या तापाची प्राथमिक आरोग्य केंद्रात. 2009 च्या प्राणिरोग कायद्याने पशुपालकाला अनुसूचित रोगाची माहिती देणे बंधनकारक केले आहे. ती माहिती त्याच गावातल्या डॉक्टरपर्यंत वेळेत पोचवणे हे या शाखेपुढचे सध्याचे काम आहे.