आभाळ मोजणाऱ्यांचे वेतन

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. संध्याकाळची वेळ होती, पाऊस नुकता उघडला होता आणि मी ओट्यावर वह्या तपासत बसलो होतो. आमच्या शाळेतून शिकून गेलेल्या एका मुलीचे वडील आले. कांद्याचे शेतकरी. त्या साली अवकाळी पावसाने त्यांच्या कांदाचाळीत पाणी शिरले होते आणि निम्मा माल सडला होता. चहा झाला, इकडचेतिकडचे बोलणे झाले, आणि मग त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. मुलगी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली होती. हवामानशास्त्रात संशोधन करण्यासाठी तिची पुण्याला निवड झाली होती.

"गुरुजी," ते म्हणाले, "पाच वर्षं लागतील म्हणतीय. महिन्याला पैसे बी देणार म्हणत्यात. पर मला एक सांगा, हा पगार हाय का दान हाय? पगार म्हणावा तर काम दिसत न्हाई. दान म्हणावं तर आमी दान घेणारे न्हवं."

वाचकहो, मी मॅट्रिक झालेला माणूस. कॉलेजची पायरी कधी चढलो नाही. चार कादंबऱ्या लिहिल्या, पण माझ्या नावापुढे एकही अक्षर लागलेले नाही. मला उत्तर देता आले नाही. "आबा, आठ दिवस थांबा, विचार करून सांगतो," एवढेच म्हणालो. मग ते आठ दिवस मी मिळतील ती पुस्तके वाचण्यात घालवले. त्या वाचनातून जे हाती आले, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आभाळाकडे पाहण्यासाठी माणसाला पैसे द्यावेत, ही कल्पना आपल्या देशातल्या सरकारला सुचली ती संकटातून. १८६४ साली कलकत्त्यावर भीषण चक्रीवादळ आले. त्यापाठोपाठ १८६६ आणि १८७१ साली पावसाने दगा दिला आणि दुष्काळ पडले. त्यानंतर १८७५ साली हवामान खाते निघाले. हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. १९२८ साली या खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजूनही 'सिमला ऑफिस' म्हणतात. थंडीचे नाव उन्हाच्या गावात कसे आले, हे तिथून रोज बसने जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, कोण जाणे!

परंतु खात्यात नोकरी करणे वेगळे आणि संशोधन शिकणे वेगळे. नोकरदाराला काम नेमून दिलेले असते. संशोधन शिकणाऱ्याला काही वर्षे असे काम करायचे असते, ज्याचे फळ कुणालाच आधी सांगता येत नाही. त्या वर्षांत त्याला कोणी पोसायचे? श्रीमंताचा मुलगा असला तर प्रश्न नाही. बाकीच्यांचे काय?

या प्रश्नाचे एक उत्तर जमशेटजी टाटांनी दिले. परदेशी जाऊन उच्च शिक्षण घेणाऱ्या भारतीयांसाठी त्यांनी १८९२ साली निधी काढला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की तो निधी दान देत नसे, कर्ज देत असे. शिकून परत या, कमवा आणि फेडा. पुढे त्यांच्याच देणगीतून बंगलोरची विज्ञानसंस्था १९०९ साली उभी राहिली. तेव्हा जमशेटजी हयात नव्हते.

या संस्थेच्या दाराशी १९३३ साली एक मराठी मुलगी उभी राहिली. कमला भागवत. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिली आलेली. वडील आणि चुलते याच संस्थेत शिकलेले. तरीही संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी तिला प्रवेश नाकारला. कारण एकच, ती मुलगी होती. कमलाबाईंनी सत्याग्रह मांडला. अखेर रामनसाहेब नमले, पण अटी घालून. पहिले वर्ष तिला रीतसर विद्यार्थिनी मानायचे नाही, काम पाहून मग ठरवायचे! कमलाबाईंनी ते वर्ष काढले, संस्थेत आपली जागा मिळवली, पुढे केंब्रिजला गेल्या आणि १९३९ साली जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन परतल्या. पुढे त्या कमला सोहोनी म्हणून प्रसिद्ध झाल्या. त्यांचा विषय हवामान नव्हे. पण त्यांनी ढकललेल्या दारातून सात वर्षांनी जी मुलगी आत आली, तिचा आभाळाशी फार जवळचा संबंध येणार होता.

तिचे नाव अ‍ॅना मणी. जन्म २३ ऑगस्ट १९१८, त्रावणकोरमधल्या पीरमेड येथे. वडील इंजिनियर, वेलदोड्यांचे मळे असलेले. घरात मुलींना लग्नात हिरे देण्याची पद्धत. ही आठ वर्षांची झाली तेव्हा वाढदिवसाला हिऱ्याची कुडी आली. तिने ती नाकारली आणि त्याऐवजी ब्रिटानिका विश्वकोश मागितला! गांधीजींच्या प्रभावाने तिने लहानपणीच खादी धरली ती धरलीच.

मद्रासला बी.एस्सी. ऑनर्स झाल्यावर १९४० साली तिला बंगलोरच्या संस्थेत संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळाली. रामनसाहेबांच्या प्रयोगशाळेत ती हिरे आणि माणके यांच्यावर काम करू लागली. नियतीची गंमत पाहा. कानात घालायचे हिरे जिने परत केले, तिच्या हाती शिष्यवृत्तीने हिरेच दिले! हिऱ्यातून निघणारा मंद प्रकाश फोटोच्या काचेवर उमटवायला पंधरा-पंधरा, वीस-वीस तास लागत. कधी कधी ती प्रयोगशाळेतच झोपे. १९४२ ते १९४५ या काळात तिने एकटीच्या नावाने पाच शोधनिबंध प्रसिद्ध केले. १९४५ च्या ऑगस्टमध्ये तिने आपला प्रबंध मद्रास विद्यापीठाला सादर केला. त्या काळी संस्थेतल्या संशोधनाला पदवी देण्याचा अधिकार त्या विद्यापीठाचा होता.

विद्यापीठाने पदवी नाकारली. निबंध कमी पडले म्हणून नव्हे, तर बाईंपाशी एम.एस्सी.ची पदवी नव्हती म्हणून! पाच वर्षांचे काम एका बाजूला आणि एक नसलेला कागद दुसऱ्या बाजूला. कागद जड ठरला. तो बांधीव प्रबंध आजही बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात आहे.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही, हे मी लपवत नाही. नावापुढे अक्षर नसलेल्या माणसाला अशा गोष्टी जास्त लागतात. पण मणीबाईंनी त्याबद्दल मनात अढी धरली नाही. पदवी नसल्याने आपल्या आयुष्यात फारसा फरक पडला नाही, असेच त्या पुढे सांगत. कारण त्याच सुमारास दुसरे दार उघडले होते. इंग्लंडमध्ये शिकण्यासाठी त्यांना सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. त्यांना हवे होते भौतिकशास्त्र. जागा होती ती हवामानाच्या उपकरणांच्या शिक्षणाची. त्यांनी ती घेतली. लढाई नुकती संपली होती, सैनिकांच्या जहाजातून त्या १९४५ साली लंडनला गेल्या आणि १९४८ साली स्वतंत्र भारतात परतून पुण्याच्या हवामान कार्यालयात रुजू झाल्या.

आणि इथे आपल्या आबांच्या प्रश्नाचा हिशेब सुरू होतो. देशाने या बाईंवर दोन शिष्यवृत्त्या खर्च केल्या. परत काय मिळाले?

त्या काळी हवामानाची बहुतेक उपकरणे परदेशातून येत. पुण्यात एस. पी. वेंकटेश्वरन् यांच्या हाताखाली उपकरणे इथेच घडवण्याचे काम चालले होते. मणीबाईंनी ते पुढे नेले. जवळजवळ शंभर उपकरणांची रेखाचित्रे त्यांनी प्रमाणित करून घेतली, म्हणजे कोणत्याही कारखान्यात केले तरी उपकरण तेच आणि तसेच व्हावे. १९५३ पर्यंत १२१ पुरुष त्यांच्या हाताखाली काम करत होते. जिला प्रयोगशाळेत घ्यावे की नाही याची एके काळी चर्चा व्हावी, त्या स्त्रीजातीतल्या एकीच्या हुकमाखाली १२१ पुरुष! त्यांचा एक कटाक्ष असे. चुकीच्या मोजणीपेक्षा मोजणी नसलेली बरी. आम्ही मास्तर मंडळींनी परीक्षेच्या गुणांच्या बाबतीत हे वाक्य भिंतीवर लावण्यासारखे आहे.

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष म्हणून जगभर पाळले गेले. त्या निमित्ताने मणीबाईंनी भारतात सूर्याची उष्णता मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. पुढे हवेतला ओझोन मोजणारे उपकरण त्यांनी इथेच तयार करवले. १९७६ साली खात्याच्या उपमहासंचालक म्हणून त्या निवृत्त झाल्या आणि १९८० व १९८१ साली त्यांचे दोन ग्रंथ आले. कोणत्या गावी किती ऊन पडते याचा तो जमाखर्च. सौरऊर्जेची यंत्रे बसवणाऱ्यांना नेमकी त्याचीच गरज होती. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्या वारल्या.

त्याच भूभौतिक वर्षाच्या पैशातून, १९५८ साली, चार्ल्स कीलिंग या अमेरिकन तरुणाने हवाई बेटातल्या मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. पृथ्वी का तापते आहे, हे जगाला पटवून देणाऱ्या पुराव्यांत या आकड्यांचा मान मोठा. आणि ही मोजणी १९६४ साली काही महिने बंद पडली होती. कारण? पैशाची कपात! त्या महिन्यांची हवा कायमची निघून गेली. गेल्या वर्षीचा पाऊस यंदा मोजता येत नाही, हे आमच्या आबांना कोणत्याही विद्वानापेक्षा चांगले कळते.

आठव्या दिवशी आबा आले. मी त्यांना हे सगळे माझ्या बोलीत सांगितले. मग म्हणालो, "आबा, आपल्या मराठीत या पैशाला शब्द आहे, विद्यावेतन. यात दान कुठंच नाही. वेतन आहे. तुम्ही पोळ्याला बैल सजवता, पण वैरण वर्षभर घालता ना? नांगरटीच्या दिवसापुरतीच घालत नाही."

आबा हसले. म्हणाले, "किती देत्यात?"

तोही आकडा मी काढून ठेवला होता. परीक्षा पार करून निवडलेल्या संशोधक विद्यार्थ्याला १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये, पुढे ४२,००० आणि वर घरभाडे, असा केंद्र सरकारचा दर आहे. पुण्यात पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्राची जी संस्था आहे, ती १९६२ साली निघाली. मान्सूनचा अभ्यास हेच तिचे जीवितकार्य. बंगलोरच्या त्या जुन्या विज्ञानसंस्थेतही आता हवा आणि समुद्र यांच्या अभ्यासाचे स्वतंत्र केंद्र आहे. दारे आहेत, पण ती आपोआप उघडत नाहीत. भौतिकशास्त्र, गणित पक्के हवे आणि देशभरातल्या मुलांशी स्पर्धा करून परीक्षा द्यावी लागते.

"आणि पाच वर्षांनी नोकरी?" आबांनी विचारले.

इथे मला खोटे बोलता आले असते. बोललो नाही. "ती मिळेलच असं मी सांगणार नाही, आबा," मी म्हणालो. "पैसे वेळेवर येतीलच असंही नाही. पण मणीबाईंनी ज्या कागदावाचून दिवस काढले, तो कागद आता दारावरच मागतात. पोरीला तो घेऊ द्या. आणि तुमच्या चाळीत पाणी शिरलं, ते चार दिवस आधी कुणी सांगितलं असतं तर?"

आबा बराच वेळ गप्प बसले. मग उठताना म्हणाले, "तर निम्मा कांदा वाचला असता."

मुलगी पुण्याला गेली. यंदा मे महिन्यात सुट्टीवर आली तेव्हा तिने साठवलेल्या वेतनातून बापासाठी पाऊस मोजण्याचे साधे भांडे आणले. तहसील कचेरीच्या आवारातला पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, आपणही त्याच वेळेला मोजायचा, असे तिने बजावले.

परवा नवरात्रात आबा आले ते शंभर पानी वही घेऊन. मृगापासूनचे आकडे पेन्सिलीने लिहिलेले, एकही दिवस चुकलेला नाही. मी पाने उलटत गेलो. जुलैत सलग अकरा दिवस पाऊस नव्हता. मला वाटले, त्या जागा कोऱ्या असतील. कोऱ्या नव्हत्या. आबांनी रोज साडेआठला जाऊन ते कोरडे भांडे पाहिले होते आणि अकराही ओळींत शून्य लिहिले होते.