वार्धक्यरोधन

वार्धक्यरोधन : वयपरत्वे शरीरात, विशेषतः त्वचेत, होणारे बदल झाकणे, लांबवणे किंवा मागे फिरवणे यासाठी केले जाणारे उपाय. व्यवहारात ‘अँटी-एजिंग’ हाच शब्द रूढ आहे. त्याची सर्वमान्य व्याख्या नाही. प्रसाधन-उद्योग त्यात साध्या मॉइश्चरायझरचाही समावेश करतो. त्वचारोगतज्ज्ञांच्या लेखी तो प्रामुख्याने उन्हाने केलेल्या हानीचा प्रतिबंध व उपचार होय, तर वार्धक्यजीवशास्त्रात पेशींच्या पातळीवर वार्धक्याची गती कमी करणे असा अर्थ घेतला जातो.

त्वचेचे वार्धक्य : आंतरिक वार्धक्यात त्वचा पातळ व कोरडी होते आणि बारीक रेषा उमटतात. ठळक सुरकुत्या, डाग व खरखरीतपणा हे मात्र बव्हंशी ऊन आणि धूम्रपान यांचे परिणाम असतात. सूर्यप्रकाशातील अतिनील-ए किरण अंतस्त्वचेपर्यंत पोचतात आणि तेथील कोलॅजेन तोडणारी एंझाइमे वाढतात. 28 वर्षे मालट्रक चालवणाऱ्या एका 69 वर्षांच्या अमेरिकी चालकाचे छायाचित्र 2012 साली एका वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी अधिक सुरकुतलेली होती. ऑस्ट्रेलियातील नॅम्बोर येथे 55 वर्षांखालील 903 जणांवर झालेल्या चाचणीत रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात त्वचेचे वार्धक्य 24 टक्के कमी आढळले (2013). सनस्क्रीन आलेली सुरकुती घालवत नाही. तरीही इतका सबळ पुरावा या क्षेत्रातील फार थोड्या उपायांमागे आहे.

ट्रेटिनॉइन : जीवनसत्त्व ‘अ’पासून मिळणारे हे आम्ल अमेरिकेत 1971 मध्ये मुरुमांवरील औषध म्हणून मान्य झाले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ॲल्बर्ट क्लिगमन यांनी 1986 मध्ये सूर्यबाधित त्वचेवर त्याचा उपयोग होतो असे मांडले. मिशिगन विद्यापीठातील 30 जणांच्या 16 आठवड्यांच्या चाचणीने (1988) त्याला दुजोरा दिला आणि औषध दुकानांत क्रीमची मागणी एकदम वाढली. 1995 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 0.05 टक्के क्रीमला बारीक सुरकुत्या, डाग व खरखरीतपणा कमी करण्यासाठी मान्यता दिली. मात्र हे औषध सुरकुत्या नाहीशा करत नाही व उन्हाची हानी भरून काढत नाही, अशी स्पष्ट सूचना माहितीपत्रकात घालायला लावली. सुरुवातीला लाली व साल निघणे हे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. गर्भारपणी ते टाळतात. विनाचिठ्ठी मिळणाऱ्या रेटिनॉलचे त्वचेत याच आम्लात रूपांतर होते, परंतु परिणाम सौम्य असतो. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर क्लिगमन यांनी केलेल्या प्रयोगांवर पुढे तीव्र टीका झाली.

कायदा : वस्तू प्रसाधन की औषध, हे अमेरिकेच्या 1938 च्या कायद्यानुसार घटकांपेक्षा दाव्यावर अधिक ठरते. ‘सडन चेंज’ व ‘लाइन अवे’ या लोशनांत गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन होते. ते वाळले की कातडी तात्पुरती ताणली जाई. ‘शस्त्रक्रियेविना फेसलिफ्ट’ अशा धर्तीच्या जाहिरातींमुळे न्यायालयांनी 1969 मध्ये दोन्ही औषधे ठरवली. तसेच अल्ब्युमिन असलेले, पण बेताने बोलणारे ‘मॅजिक सीक्रेट’ 1971 मध्ये प्रसाधनच राहिले. सुरकुत्या ‘कमी होतात’ ऐवजी ‘कमी दिसतात’ ही जाहिरातींची सावध भाषा या भेदाला धरूनच आहे. भारतात 1940 चा औषधे व प्रसाधने कायदा लागू असून 1945 च्या नियमांतील अनुसूची ‘जे’नुसार अकाली वार्धक्य टाळण्याचा वा बरे करण्याचा दावा औषधाला करता येत नाही.

वैद्यक : 1990 मध्ये अमेरिकी डॉक्टर डॅनियल रुडमन यांनी साठीपुढच्या 12 पुरुषांना सहा महिने वृद्धिसंप्रेरक दिले; स्नायू वाढले, चरबी घटली. एवढ्याशा अभ्यासाच्या आधारावर संप्रेरकांची इंजेक्शने देणारी क्लिनिके निघाली आणि त्याच दशकात रोनाल्ड क्लॅट्झ व रॉबर्ट गोल्डमन यांनी वार्धक्यरोधक वैद्यकाची अकादमी स्थापन केली. अमेरिकेतील वैद्यकीय विशेषज्ञता मंडळ या वैद्यकाला स्वतंत्र शाखा मानत नाही. ओलशान्स्की, हेफ्लिक व कार्न्स या वार्धक्य-संशोधकांच्या पुढाकाराने 51 शास्त्रज्ञांनी 2002 मध्ये निवेदन काढले : बाजारातील कोणताही उपाय मानवी वार्धक्य मंदावतो हे सिद्ध झालेले नाही. वार्धक्य हा रोग आहे काय, हा वाद मिटलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘वृद्धत्व’ ही नोंद योजली होती. आक्षेपांनंतर ती बदलण्यात आली.

बोट्युलिनम विष : हे भुवयांमधील आठ्यांसाठी अमेरिकेत 2002 मध्ये मान्य झाले. परिणाम तीन-चार महिने टिकतो.

आयुर्वेद : अष्टांगांपैकी रसायनतंत्र जरेशी (वार्धक्याशी) संबंधित आहे. चरकसंहितेत कुटीत राहून करायचा कुटीप्रावेशिक व मोकळ्या वातावरणात करायचा वातातपिक असे दोन विधी सांगितले असून च्यवनप्राश हे तिथलेच रसायन. त्याच संहितेच्या शारीरस्थानात जरा व मृत्यू स्वाभाविक आणि उपायरहित म्हटले आहेत. ही विसंगती भाष्यकारांनी निरनिराळ्या रीतीने सोडवली आहे. पंडित मदनमोहन मालवीय यांनी 1938 मध्ये तपसीबाबा नावाच्या साधूंकडून कुटीप्रावेशिक पद्धतीचा कायाकल्प (शरीर नवे करण्याचा उपचार) करून घेतला.

सामाजिक टीका : वय वाढणे ही लढण्याची गोष्ट ठरते, या कारणावरून अमेरिकेतील ‘अल्यूर’ मासिकाने 2017 मध्ये ‘अँटी-एजिंग’ हा शब्द वापरणे थांबवले.