रस्त्याचे नाव आणि रस्त्याचा नियम



मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ उत्तरेकडे तोंड करून उभे राहिलात, तर आपल्यासमोर एकावर एक असे दोन रस्ते दिसतात. खालचा महंमद अली रोड. त्याच्या डोक्यावरून जातो तो उड्डाणपूल. सारे जग त्याला जे. जे. पूल म्हणते, पण त्याचे खरे नाव आहे ‘कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी उड्डाणपूल’. रमजानमध्ये खरेदीसाठी आपण येथे येतो, मिनारा मशिदीजवळ मुलांना मालपोवा खाऊ घालतो आणि परत फिरतो. या दोन नावांचा आणि तेथल्या एका नियमाचा इतिहास काय, हे विचारायला सवड कोणाला असते? या वर्षी मला ते विचारणे भाग पडले. त्याचे कारण पुढे सांगेन.

मुंबईच्या जुन्या वस्तीतील नावे कोणी सभा भरवून ठेवली नाहीत. पायधुणी म्हणजे पाय धुण्याची जागा. भेंडी बाजार हे नाव भेंडीच्या झाडांवरून पडले, असे एक मत आहे. ‘बिहाइंड द बझार’ या साहेबी बोलीचा तो अपभ्रंश असल्याचेही सांगतात. मला झाडांचे मत अधिक पटते. अशी नावे तोंडातोंडी रुळली आणि गल्ल्याही तशाच, घर वाढेल तशा वाकत गेल्या.

हे चित्र पालटले ते प्लेगने. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी पहिले रुग्ण ओळखले. हवा आणि उजेड नसलेल्या दाट वस्तीमुळे रोग फोफावतो, असे सरकारचे मत झाले आणि 1898 मध्ये कायदा करून ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. समुद्राची हवा शहराच्या पोटात शिरावी म्हणून जुन्या वस्त्या कापून रुंद रस्ते काढायचे, हे त्याचे एक मोठे काम. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड आणि आपला महंमद अली रोडही या ट्रस्टच्या योजनांतून आला. ज्यांची घरे त्यात गेली त्यांच्या वाट्याला काय आले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. नवा रस्ता कोणाच्या तरी अंगणावरून जातो, एवढे मात्र ध्यानात असू द्यावे. 1933 मध्ये ट्रस्टचा कारभार महापालिकेत विलीन झाला.

रस्ता नवा झाला की नाव लागते. प्रिन्सेस स्ट्रीट हे नाव वेल्सच्या राजकन्येचे, सँडहर्स्ट हे गव्हर्नरांचे. राज्यकर्ते आपली माणसे भिंतीवर लिहितात, हे त्या काळचे सरळ गणित होते. पुढे ही पाटी बदलली. प्रिन्सेस स्ट्रीटचा शामळदास गांधी मार्ग झाला, क्रॉफर्ड मार्केटची महात्मा जोतिबा फुले मंडई झाली, ग्रँट रोडला मौलाना शौकत अलींचे नाव मिळाले. पण टॅक्सीवाल्याला ‘शौकत अली रोडला चला’ म्हणून पाहा! तो आपल्याकडे नुसता पाहत राहील. धाकट्या भावाचे, महंमद अलींचे नाव मात्र लोकांनी उचलले आणि सोडले नाही. खिलाफत चळवळीचे केंद्र मुंबईत होते आणि या मोहल्ल्यांनी त्या चळवळीला माणसे व पैसा दिला. कागदावरचे नाव आणि लोकांच्या मनातले नाव एकच असले की पाटी टिकते, असे मला वाटते.

मौलाना महंमद अली जौहर यांचा जन्म 1878 मध्ये रामपूर येथे झाला. ऑक्सफर्डला शिकून ते परतले, ‘कॉम्रेड’ व ‘हमदर्द’ ही पत्रे त्यांनी चालविली, 1920 मध्ये जामिया मिल्लियाच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि 1923 मध्ये काकिनाडा काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले. 4 जानेवारी 1931 रोजी गोलमेज परिषदेसाठी गेले असता लंडनमध्ये त्यांचे निधन झाले व दफन जेरुसलेम येथे झाले. हे सर्व पुस्तकांतून मिळते. मला अधिक मोलाची वाटते ती त्यांची आई, आबादी बानो बेगम, ‘बी अम्मा’. तरुणपणी वैधव्य आले असताना या बाईने दागिने गहाण टाकून मुलांना इंग्रजी शिक्षण दिले. आपल्या संस्थेच्या दारात फीसाठी उभ्या राहणाऱ्या कितीतरी मातांना मी ओळखतो, म्हणून हे लिहिले.

वरच्या पुलावर ज्यांचे नाव आहे ते मखदूम अली माहिमी (1372–1431) याच मातीतले, माहीमचे. अरबी भाषेत कुरआनचे भाष्य लिहिणारे ते मोठे विद्वान. माहीमचे काझीही होते. त्यांचीही आईची एक कथा सांगतात. आईने रात्री पाणी मागितले; पाणी घेऊन येईपर्यंत तिला झोप लागली; मुलगा पेला हातात धरून पहाटेपर्यंत उभा राहिला. त्यांच्या उरुसाला पोलिसांकडून मानाची चादर चढते, हे मुंबईत सर्वांना ठाऊक आहे.

आता नियमाकडे वळू. नाव देण्याचे काम महापालिकेचे. प्रस्ताव येतो, समितीपुढे जातो, ठराव होतो. नियम करणारे हात वेगळे. वाहतूक पोलीस व सरकार यांना तो अधिकार मोटार वाहन कायद्याने दिला आहे. 1914, 1939 आणि 1988 असे हे कायदे होत गेले. 1988 च्या कायद्यातील कलम 115 नुसार एखाद्या रस्त्यावर विशिष्ट वाहनांना मनाई करता येते. मनाई महिन्याहून अधिक काळ ठेवायची तर राजपत्रात प्रसिद्ध करावी लागते. नामकरणाला हारतुरे असतात, भाषणे असतात. नियमाच्या अधिसूचनेला कोणी हार घालत नाही. आपल्या मोहल्ल्यांतून एखाद्या चौकाच्या नावासाठी सह्यांचे कागद फिरताना मी पाहिले आहेत. शाळेसमोर गतिरोधक हवा म्हणून फिरलेला कागद मात्र एकच पाहिला, आणि त्यावर तेवीस सह्या होत्या.

हा पूल 2002 मध्ये खुला झाला. लांबी अडीच किलोमीटरांच्या आसपास. दोन्ही बाजूंनी इमारती इतक्या जवळ की खालच्या रस्त्याची वळणे पुलालाही घ्यावी लागली. मोकळा पूल पाहून वेग वाढतो आणि वळणावर दुचाकी आवरत नाही. अपघात वाढले, तेव्हा 2010 मध्ये वाहतूक पोलिसांनी दुचाकींना पुलावर मनाई केली. दोन्ही टोकांना तसे फलक आहेत.

आता ते कारण. गेल्या ईदच्या आदल्या रात्री, चाँदरातीला, माझा एक माजी विद्यार्थी दोन मित्रांसह मोटारसायकलवरून या पुलावर गेला. वय सतरा, परवाना नाही, शिरस्त्राण नाही. वळणावर गाडी घसरली. मित्र खरचटण्यावर निभावले, याची मांडी मोडली. दुसऱ्या दिवशी नमाजनंतर मी इस्पितळात गेलो. वडील खाटेशेजारी बसले होते. माझा हात धरून म्हणाले, “सर, बाबांच्या नावाचा पूल आहे. बाबांनीच पोराला वाचवलं.”

मी मान हलविली. बापाच्या डोळ्यांतील पाणी पाहून कोण वाद घालील? पण ते चहा आणायला गेल्यावर मी मुलाला विचारले, “दुचाकीला मनाई आहे, तो फलक दिसला नव्हता का?”

“दिसला, सर. रोजच दिसतो.”

“आणि पुलाचे नाव?”

तो गप्प राहिला. मग म्हणाला, “जे. जे. पूल ना?”

पालकहो, किल्ली त्याला कोणी दिली, हे मी त्या दिवशी विचारले नाही. कायद्याने ते विचारले असते. 2019 च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. वडिलांना हे मी महिन्याभराने सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. “मला वाटलं, सगळ्यांचीच पोरं चालवतात,” एवढेच म्हणाले.

मुलगा आता कॉलेजला बसने जातो. बस महंमद अली रोडनेच, पुलाखालून जाते. परवा शाळेत आला होता. चालताना अजून थोडा लंगडतो. मखदूम साहेबांवर मराठीत वाचायला काही मिळेल का, असे त्याने विचारले. शाळेच्या वाचनालयात तसे पुस्तक नव्हते. म्हणून त्याच्यासाठी मी टिपणे काढावयास घेतली, आणि त्यांतूनच हा लेख झाला.