एकरकमी अर्थसाहाय्य : राज्यनिहाय तफावत (भारत)

अल्प उत्पन्न असलेल्या कुटुंबाला मृत्यू, बाळंतपण, लग्न किंवा आपत्ती अशा प्रसंगी सरकारकडून एकदाच मिळणारी रोख रक्कम. दरमहा मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाहून हे साहाय्य वेगळे. दोन-तीन हप्त्यांत दिले तरी प्रसंग एकच असल्याने ते याच वर्गात धरले जाते. भारतात या रकमा राज्यागणिक बदलतात आणि त्या बदलाचा कुटुंबाच्या गरजेशी फारसा संबंध नसतो.

तफावतीचे मूळ राज्यघटनेतील अधिकारवाटपात आहे. सामाजिक सुरक्षा हा विषय समवर्ती सूचीत येतो, तर अपंग आणि काम करण्यास असमर्थ व्यक्तींना साहाय्य देणे राज्यसूचीत. त्यामुळे केंद्र तळाचा आकडा ठरवते. त्यात भर घालायची की नाही, हे प्रत्येक राज्य आपल्या तिजोरीचा आणि निवडणुकीचा अंदाज घेऊन ठरवते.

राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना हे याचे सरळ उदाहरण. १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमात ती सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील कमावती व्यक्ती मरण पावल्यास नैसर्गिक मृत्यूसाठी ५,००० आणि अपघाती मृत्यूसाठी १०,००० रुपये मिळत. १९९८ मध्ये हा भेद काढून सरसकट १०,००० रुपये करण्यात आले. २०१२ मध्ये रक्कम २०,००० झाली आणि मृताच्या वयाची अट १८ ते ५९ अशी ठरली. घर सांभाळणारी स्त्रीही कमावती मानावी, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. हे कलम योजनेतील सर्वांत शहाणे कलम म्हणावे लागेल. २०१२ नंतर केंद्राने रक्कम वाढवलेली नाही. उत्तर प्रदेशाने स्वतःची भर घालून ती ३०,००० आणि पश्चिम बंगालने ४०,००० रुपयांवर नेली. महाराष्ट्रात तहसील कार्यालयातून मिळणारी रक्कम मात्र केंद्राइतकीच, २०,००० रुपये, राहिली.

शेतकरी आत्महत्येनंतरच्या मदतीत ही दरी सर्वांत ठळक दिसते. महाराष्ट्र सरकार पात्र ठरलेल्या कुटुंबाला एक लाख रुपये देते. त्यांपैकी ३०,००० रुपये हातात पडतात आणि ७०,००० रुपये मासिक व्याजाच्या ठेवीत गुंतवले जातात. हा आकडा २००५-०६ च्या सुमारास, विदर्भातील आत्महत्या देशभर गाजू लागल्या तेव्हा ठरला. तेलंगणाने २०१५ मध्ये आपली मदत सहा लाखांवर नेली : पाच लाख कुटुंबाला आणि एक लाख कर्जाच्या एकरकमी तडजोडीसाठी. कर्नाटकाने त्याच वर्षी दोन लाखांचे पाच लाख केले. महाराष्ट्रातील यवतमाळ आणि तेलंगणातील आदिलाबाद या जिल्ह्यांच्या सीमेवरून पैनगंगा वाहते. दोन्ही काठांवर कोरडवाहू कापूस आहे, काळी जमीन आहे, सावकारही आहेत. आत्महत्येनंतरची सरकारी रक्कम तेवढी सहापटीने वेगळी झाली.

रकमेइतकीच पात्रतेची चाळणी महत्त्वाची असते. महाराष्ट्रात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रत्येक प्रकरण तपासते. कुटुंबाच्या नावे शेती होती का, बँक, सहकारी संस्था किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज थकले होते का, वसुलीचा तगादा होता का, हे प्रश्न तलाठ्याच्या आणि पोलिसांच्या अहवालातून सुटतात, आणि मृत्यू ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरतो. विनापरवाना सावकाराकडून घेतलेले कर्ज कागदावर येतच नाही, ही या पद्धतीतील जुनी आणि सर्वज्ञात फट. तेलंगणाने ऑगस्ट २०१८ पासून ‘रयतु बीमा’ योजनेत वेगळा मार्ग घेतला. १८ ते ५९ वयाच्या जमीनधारक शेतकऱ्याचा विमा आयुर्विमा महामंडळाकडे काढला जातो, हप्ता सरकार भरते आणि मृत्यू कशानेही झाला तरी वारसाला पाच लाख रुपये मिळतात. आत्महत्या सिद्ध करण्याची विटंबना त्यात टळते. पण जमीन ज्याच्या नावे त्याचाच विमा, त्यामुळे दुसऱ्याचे रान कसणारा कूळ शेतकरी तिथेही बाहेरच राहतो. बापाच्या सातबाऱ्यावर शेती करणारा मुलगा महाराष्ट्राच्या चाळणीतून निदान सुटू शकतो; तेलंगणाच्या विम्यात तो नाही.

बाळंतपणाच्या साहाय्यात केंद्राने स्वतःच प्रदेशभेद केला. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेत रुग्णालयात बाळंतपणाचे प्रमाण कमी असलेली राज्ये एका गटात घालण्यात आली : उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश, छत्तीसगड, राजस्थान, ओडिशा इत्यादी. तेथील ग्रामीण स्त्रीला सरकारी रुग्णालयातील बाळंतपणासाठी १,४०० रुपये मिळतात आणि त्यासाठी दारिद्र्यरेषेची अट नाही. महाराष्ट्र दुसऱ्या गटात. येथे ग्रामीण भागात ७०० रुपये, तेही दारिद्र्यरेषेखालील किंवा अनुसूचित जाती-जमातींतील स्त्रीला. राज्याची सरासरी पाहून केलेल्या या वाटणीत जिल्हे हरवले. गडचिरोलीच्या जंगलातील गरोदर बाईला दवाखाना गाठताना जे हाल सोसावे लागतात, ते सीमेपलीकडच्या छत्तीसगडातील बाईच्या हालांच्या निम्मे खचितच नसतात. दुसऱ्या टोकाला तमिळनाडू आहे. तेथील डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी योजना १९८७ मध्ये ३०० रुपयांपासून सुरू झाली. २००६ मध्ये ६,०००, २०११ मध्ये १२,००० आणि २०१८ मध्ये पोषण आहाराच्या संचासह १८,००० रुपयांपर्यंत वाढली. देशपातळीवरची मातृवंदना योजना २०१७ मध्ये पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये घेऊन आली, तेव्हा तमिळनाडू कितीतरी पुढे गेलेला होता.

लग्नासाठीच्या मदतीत आकड्यांना धरबंध नाही. बिहारची कन्या विवाह योजना वर्षानुवर्षे ५,००० रुपयांवर होती. पश्चिम बंगालची ‘रूपश्री’ २५,००० रुपये देते. तेलंगणाची ‘कल्याण लक्ष्मी’ २०१४ मध्ये ५१,००० रुपयांनी सुरू होऊन २०१८ मध्ये १,००,११६ रुपयांवर पोहोचली. वरचे एकशे सोळा रुपये शुभ म्हणून. गोव्याच्या ‘लाडली लक्ष्मी’ योजनेत २०१२ पासून एक लाख रुपये आहेत.

करोनाच्या काळात आणखी एक भेद उघडा पडला : सरकारच्या हाती कोणती यादी आहे. तमिळनाडूत शिधावाटप जवळजवळ सार्वत्रिक आहे. त्यामुळे २०२१ मध्ये सुमारे दोन कोटी शिधापत्रिकाधारक कुटुंबांना प्रत्येकी ४,००० रुपये दोन हप्त्यांत रेशन दुकानातूनच रोख देता आले. महाराष्ट्राने एप्रिल २०२१ मध्ये नोंदणीकृत बांधकाम कामगार, परवानाधारक रिक्षाचालक आणि नोंद असलेल्या फेरीवाल्यांना १,५०० रुपये खात्यात दिले. आदिवासी कुटुंबांसाठी खावटी योजनेत ४,००० रुपये होते, निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूपात. ज्यांची नोंद कुठल्याच मंडळाकडे नव्हती, त्या घरकामगारणी, नाका कामगार आणि विनापरवाना फेरीवाले यांना ही १,५०० रुपयांची मदत मिळाली नाही. म्हणून राज्यांची तुलना केवळ जाहीर रकमांवरून केली तर ती फसवी ठरते. मोठी रक्कम आणि अरुंद दार यांपेक्षा लहान रक्कम आणि उघडे दार गरिबाच्या अधिक उपयोगी पडते.

या बहुतेक योजनांना रहिवासाची अट आहे. बीडचा ऊसतोड कामगार कर्नाटकातील कारखान्यावर मरण पावला, तर त्याच्या बायकोला कुटुंब लाभाचा अर्ज स्वतःच्या तालुक्याला येऊन करावा लागतो. एक देश एक शिधापत्रिका योजनेमुळे धान्य आता परराज्यातही उचलता येते. रोख साहाय्यासाठी तशी सोय अद्याप झालेली नाही.