करारपत्र की रूढ संकेत? जावातील वेब सेवांच्या दोन वाटा

१/ परक्याशी व्यवहार करताना सर्व अटी आधी लिहून घ्याव्यात, की सर्वमान्य संकेतांवर विसंबावे? दोन संगणकप्रणालींमधील संवादाचा प्रश्नही हाच आहे. जावाच्या जगात त्याला दोन उत्तरे मिळाली. त्यांचा हा इतिहास.

२/ पहिले उत्तर ‘सोप’. १९९८ साली डेव्ह वायनर, डॉन बॉक्स, बॉब ॲटकिन्सन आणि मोहसिन अल-घोसेन यांनी त्याची आखणी केली. एक्सएमएल संदेश धाडून दूरच्या यंत्राकडून काम करवून घ्यावे, ही त्यामागील कल्पना. पुढे ‘डब्ल्यूएसडीएल’ आले: सेवा काय घेते आणि काय परत देते, हे सांगणारे, यंत्राला वाचता येणारे करारपत्र.

३/ दुसरे उत्तर ‘रेस्ट’. एचटीटीपी १.१ च्या प्रमुख लेखकांपैकी एक असलेल्या रॉय फील्डिंग यांनी २००० साली अर्व्हाइन येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील आपल्या प्रबंधात ते मांडले. व्यवहारात त्याचा अर्थ असा झाला: प्रत्येक वस्तूला स्वतःचा पत्ता, आणि तिच्यावर चालणारी गेट, पोस्ट, पुट, डिलीट अशी मोजकी क्रियापदे.

४/ जावाने आधी करारपत्राची वाट धरली. ‘आरएमआय’ आणि ‘कॉर्बा’मुळे दूरच्या यंत्रावरील मेथड घरच्यासारखी हाकारणे तिच्या अंगवळणी पडले होते. २००२ मध्ये ‘जॅक्स-आरपीसी’ आले. २००६ मध्ये त्याचा वारस ‘जॅक्स-डब्ल्यूएस’ जावा ईई ५ मध्ये दाखल झाला आणि त्याच वर्षी जावा ६ च्या मूळ संचातही बसला.

५/ सोपचे ओझे खरे होते. साध्या विचारणेलाही एक्सएमएलचा लिफाफा लागे. परंतु त्यामागे गरजही होती. एचटीटीपीएस केवळ वाटेचे रक्षण करते. संदेश अनेक मध्यस्थांच्या हातून जाणार असेल, तर सही आणि गुप्तता संदेशातच असावी लागते. ‘डब्ल्यूएस-सिक्युरिटी’ने तेच साधले.

६/ रेस्टला जावात अधिकृत मानक मिळायला २००८ उजाडले. ‘जॅक्स-आरएस’ येण्यापूर्वी अनेक जण सर्व्हलेट हाताने लिहून काम भागवीत. वाहते पाणी मात्र आधीच वळले होते: डिसेंबर २००६ मध्ये गूगलने आपल्या सोप शोधसेवेसाठी नव्या चाव्या देणे थांबवले.

७/ सप्टेंबर २०१८. जावा ११ च्या मूळ संचातून जॅक्स-डब्ल्यूएस काढून टाकण्यात आले. त्यावर विसंबलेल्या प्रणाली, स्वतंत्र लायब्ररी जोडल्याशिवाय, नव्या आवृत्तीवर चालेनात. सोप संपले नाही. त्याचा राजाश्रय तेवढा गेला.

८/ म्हणून वाट निवडताना पहिला प्रश्न असा: समोर कोण आहे? मोजके, ओळखीचे आणि कडक अटींनी बांधलेले पक्ष असतील, तर करारपत्र आजही उपयोगी पडते. अनोळखी असंख्य ग्राहक, ब्राउझर आणि मोबाइल असतील, तर वेबचे रूढ संकेत पुरतात. आणि दुसरा प्रश्न: आज संचात फुकट मिळणारी वस्तू उद्या काढून घेतली, तर आपली प्रणाली उभी राहील का?